दयेचा एक मेलेला शब्द: ‘आर’ ऊर्फ ‘ओर’बद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा शब्द नेमका कोणता?

नॉर्मन लोक १०६६ साली इंग्लंडात उतरले, त्याच्या आधीच्या इंग्रजीत ‘आर’ असा एक शब्द होता. उच्चार लिहिलाय तसाच, फक्त ‘आ’ चांगला लांबवायचा. पुढे त्याचा ‘ओर’ झाला, आणि पंधराव्या शतकानंतर तो बोलण्यातून आणि लिहिण्यातून गेला तो गेलाच. आज दयेसाठी इंग्रजीत ‘मर्सी’, ‘पिटी’, ‘ग्रेस’, ‘क्लेमन्सी’ असे भरपूर शब्द आहेत, पण हे सगळे फ्रेंच-लॅटिनकडून आलेले. घरचा गेला, पाहुणे राहिले.

मला मध्ययुगीन इंग्रजी कविता मराठीत आणायचा नाद आहे. त्यात या दोन अक्षरांनी मला जितकं अडवलंय तितकं कशानंच अडवलेलं नाही. त्याबद्दल कुठेही बोलले की तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते आहे.

‘आर’ म्हणजे दया, एवढंच ना?

तेवढंच असतं तर काम सोपं होतं. कोशात ‘आर’ उघडला की अर्थांचे तीन ढीग दिसतात. एक मानाचा: आदर, प्रतिष्ठा, बूज. दुसरा कृपेचा: दया, आश्रय, मदत, अभय. आणि तिसरा चक्क जमिनीचा: मिळकत, उत्पन्न, चर्चला लावून दिलेलं वतन.

त्याची पिलावळही अशीच. ‘आरिअन’ हे क्रियापद. त्याचा अर्थ मान राखणे, आणि हातात सापडलेल्याला जिवंत सोडणे. ‘आरफॅस्ट’ म्हणजे कृपाळू. ‘आरलेआस’ म्हणजे ज्याच्याकडे ‘आर’ नाही तो, आणि हा माणूस निर्दयही, अधर्मीही, अब्रू नसलेलाही. मराठीत या तिघांना तीन शिव्या लागतील. त्या काळच्या इंग्रजाचं एकीत भागत होतं.

मान, दया आणि जमीन एकाच शब्दात? हे ओढूनताणून वाटतं.

आपल्याला तरी तसं वाटू नये. ‘इनाम’ हा शब्द घ्या. मूळ अरबी, अर्थ कृपा, देणगी. मराठीत आला आणि त्याची जमीन झाली. गावोगावी इनामाच्या जमिनी होत्या, इनामदार हे आडनाव झालं, त्यावरून कोर्टात पिढ्या गेल्या. शाळेच्या बक्षीस समारंभातही इनामच मिळतं. धनी खूश होतो, धनी देतो, आणि दिलेली वस्तू त्याच्या खुशीचंच नाव घेऊन तुमच्या घरात राहते. ‘आर’चं तसंच होतं. आपल्या ‘दया’ या शब्दाचंही मूळ पाहिलं तर संस्कृत ‘दय्’ धातूत वाटून देण्याचा, हिस्सा देण्याचा अर्थ आहे. मनात कळवळा येणं ही पुढची पायरी. आधी हातातून काहीतरी सुटायला लागतं.

‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्यात हे एका जागी लख्ख दिसतं. बेओवुल्फ आता म्हातारा झालाय, पन्नास वर्षं राज्य केलंय, आणि शेवटची लढाई आगीचे लोट टाकणाऱ्या सर्पराक्षसाशी आहे. राजाची ढाल अपुरी पडते, तलवार दगा देते, आणि निवडून आणलेले सोबती जीव वाचवायला झाडीत पळतात. एकटा विग्लाफ थांबतो. का थांबतो? कवी सांगतो की त्याला ‘आर’ आठवली, राजानं पूर्वी दिलेली. पुढच्याच ओळीत ती आर म्हणजे काय तेही सांगून टाकतो: त्याच्या कुळाचं भरलं घरदार, वडिलांकडे होते ते सगळे हक्क.

आता इथे ‘आर’चं काय करायचं? ‘कृपा आठवली’ म्हटलं तर घरदार निसटतं. ‘जमीन आठवली’ म्हटलं तर विग्लाफ हिशेबी वाटायला लागतो. ‘मान आठवला’ म्हटलं तर तो स्वतःचा की राजाचा, हे कळत नाही. खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस आपल्याला माहीत आहे. तिथलं ‘मीठ’ या ‘आर’च्या जवळ जातं. जवळच, तिथपर्यंत नाही.

देवाच्या दयेसाठीही हाच शब्द होता का?

होता. त्याचा सगळ्यात हलवून टाकणारा नमुना आज ‘द वाँडरर’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या ११५ ओळींच्या कवितेत आहे. धनी मेलेला, सोबती मेलेले, घरचं कोणी उरलेलं नाही, आणि एक माणूस हिवाळी समुद्रावर वल्ही मारत फिरतोय. कविता सुरूच अशी होते की असा एकटा माणूस पुष्कळदा ‘आर’ची... आणि इथे क्रियापद येतं, ‘गेबीदन’. त्याचे अर्थ दोन: वाट पाहणे, आणि वाट पाहून अनुभवाला येणे. म्हणजे एकट्या माणसाला दया भेटते, की तो नुसताच तिची वाट पाहत बसतो? कवीनं ते उघडं ठेवलंय. त्याच दमात ‘आर’ला जोड म्हणून ‘विधात्याची मिल्त्स’ असं येतं. ‘मिल्त्स’ म्हणजे निव्वळ दया, तिला जमिनीचा वास नाही.

मला त्यातली खरी गंमत वाटते ती ही की या माणसानं जे गमावलंय तेही ‘आर’च आहे. धन्याचा दिवाणखाना, मानाची जागा, देणारा हात. स्वप्नात तो धन्याला मिठी मारतो, त्याच्या मांडीवर डोकं टेकवतो, आणि जागा होतो तेव्हा समोर पंख पसरणारे समुद्रपक्षी आणि पडणारं बर्फ. शेवटी कविता म्हणते की जो ‘आर’ शोधतो, स्वर्गातल्या बापाकडे दिलासा शोधतो, त्याचं बरं होतं. पहिल्या ओळीत आर, शेवटाकडे आर. मधे देणारा बदलला. खालचा धनी गेला, वरचा राहिला.

ही कविता ज्या हस्तलिखितात आहे ते एक्सेटरच्या कॅथीड्रलला तिथला बिशप लिओफ्रिक यानं दिलं. तो १०७२ मध्ये वारला. पुस्तक अजून तिथेच आहे. मधल्या काळात कोणीतरी त्यावर ओलं भांडं ठेवलंय, सुरीचे घाव आहेत, शेवटची पानं जळलीत. दयेची कविता आहे त्याच पुस्तकावर कोणी तरी काहीतरी कापलं, हे मला दर वेळी आठवतं.

‘आर’चा ‘ओर’ कसा झाला?

उच्चार बदलला, एवढंच. इंग्लंडच्या दक्षिण आणि मध्य भागात बाराव्या-तेराव्या शतकात लांब ‘आ’चा ‘ओ’ होत गेला. ‘स्टान’चा ‘स्टोन’, ‘हाम’चा ‘होम’, ‘बान’चा ‘बोन’. त्याच लाटेत ‘आर’चा ‘ओर’. उत्तरेकडे ही लाट पोचली नाही, म्हणून स्कॉटलंडात अजून घराला ‘हेम’ म्हणणारे भेटतात.

खाणीतून काढतात ते ‘ओर’ आणि हे एकच का?

नाही. गोव्यात आणि सिंधुदुर्गात लोहखनिजाला सगळेच ‘ओर’ म्हणतात, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. खनिजाच्या ओरचं मूळ वेगळं. पण त्यात एक मजेचा धागा आहे. जुन्या इंग्रजीत पितळेला, तांब्यालाही ‘आर’च म्हणत. शब्द निराळा, फक्त उच्चार जुळलेला. आणि आजच्या खनिजाच्या ‘ओर’वर त्या धातूच्या ‘आर’ची छाप पडलेली आहे. तो धातूचा ‘आर’ हा लॅटिन ‘एस’चा आणि संस्कृत ‘अयस्’चा भाऊ. लोहचुंबकाला आपण अयस्कांत म्हणतो, त्यातला हा अयस्. शिवाय होडीचं वल्हं, तेही ‘आर’; आणि निरोप्या, तोही ‘आर’. एवढी गर्दी.

आपल्या ‘आर’चं सख्खं भावंड हवं असेल तर जर्मन ‘एरे’ पाहा, अर्थ मान, अब्रू. डच ‘एअर’ही तेच. तिकडे हा शब्द मानाच्या अर्थानं ठणठणीत जिवंत आहे. स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, नॉर्समध्ये, मात्र ‘एइर’ म्हणजे शांती, दया. आणि याच नावाची एक देवी आहे, वैद्यकी करणारी.

ती चर्चमधल्या पाद्र्याची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट लिहून ठेवणारा तरी खरा आहे: जेराल्ड ऑफ वेल्स, बाराव्या शतकातला धर्मगुरू, प्रवासी, आणि कान टवकारून बसलेला गप्पिष्ट माणूस. पाद्र्यांनी कसं वागावं यावर त्यानं लॅटिनमध्ये एक ग्रंथ लिहिला, त्यात हा किस्सा येतो.

इंग्लंडातल्या वूस्टर शहराच्या परिसरातलं एक गाव. सणाची रात्र. चर्चच्या भोवतीच्या मोकळ्या जागेत पोरंपोरी फेर धरून नाचतायत, गातायत. आपल्याकडे देवळाच्या पटांगणात रात्रभर फुगड्या आणि गाणी चालावीत तसं समजा, फक्त गाण्यातला विषय देवाचा नाही. आत पाद्री झोपायला धडपडतोय. एक जण ओळ सोडतो, सगळे मिळून धृपद उचलतात, पुन्हा ओळ, पुन्हा धृपद. पहाटेपर्यंत तेच.

सकाळी पाद्री पूजेची वस्त्रं चढवून वेदीपुढे उभा राहतो. लोकांकडे वळून, हात पसरून, ठरलेलं लॅटिन वाक्य म्हणायचं असतं: प्रभू तुमच्यासोबत असो. आणि त्याच्या तोंडून खणखणीत आवाजात, गाऊन, बाहेर पडतं ते रात्रीचं धृपद: ‘स्वेट लमन, धिन आर!’ साजणी गोड, तुझी दया!

जेराल्डनं ही ओळ इंग्रजीतच दिली आणि लॅटिन वाचकांसाठी अर्थ सांगितला, की प्रियकर तुझी मदत मागतोय. तिथला बिशप विल्यम ऑफ नॉर्थॉल, जो ११८६ ते ११९० या काळात वूस्टरच्या गादीवर होता, त्यानं फर्मान काढलं की माझ्या हद्दीत हे गाणं कोणी गायलं तर बहिष्कार. त्यामुळे गाणं गेलं, धृपदाची ही एकच ओळ उरली, आणि तीही बंदीमुळेच. बिशपनं दुर्लक्ष केलं असतं तर आपल्याला यातलं एक अक्षर कळलं नसतं.

आता या गोष्टीकडे हसून झाल्यावर नीट पाहा. पाद्र्याची जीभ घसरली ती कुठून कुठे? देवाकडे रोज जी दया मागायची, तिचंच नाव बाहेरची पोरं रात्रभर एका मुलीपुढे घेत होती. शब्द तोच, गुडघे टेकणं तेच, मागणारा खाली आणि देणारी वर हेही तेच. ‘बाई, भाकरी वाढा’ असं काही ते धृपद असतं तर त्याची जीभ घसरली नसती, असं माझं मत. वाट आधीच गुळगुळीत झालेली होती.

म्हणजे धन्याकडून देवाकडे, आणि देवाकडून प्रेयसीकडे असा प्रवास?

इतका सरळ रांगेत नाही. तिन्ही अर्थ बराच काळ एकाच वेळी चालू होते. वूस्टरशायरमध्येच, सेव्हर्न नदीच्या काठावर, १२०० च्या आसपास लायामन नावाच्या पाद्र्यानं ब्रिटनच्या राजांचा इतिहास इंग्रजी पद्यात लिहिला. त्यात हरलेले लोक राजापुढे दया मागतात ती जुन्याच शब्दांनी. प्रार्थनांत ‘मिल्से आणि ओर’ अशी जोडी चालते, आपल्या ‘दयामाया’सारखी. आणि त्याच सुमाराला गाण्यांत साजणी.

पण एक गोष्ट निश्चित बदलली: शब्दाचं अंग आकसलं. जमिनीचा अर्थ गळाला, मानाचा पातळ झाला, आणि उरली ती बहुतेक करून एकच ठोकळेबाज मागणी, ‘धिन ओर’. क्रियापद नाही, काही नाही. ‘प्रभू, धिन ओर!’ ‘बाई, धिन ओर!’ आपण ‘आपली कृपा!’ म्हणून हात जोडतो तसं. शब्द एका साच्यात अडकला की तो बोलला जातो, पण वापरला जात नाही.

मग ‘मर्सी’ कुठून आली?

फ्रेंचातून, आणि फ्रेंचात लॅटिन ‘मेर्केस’पासून. त्याचा मूळ अर्थ ऐकून लोक चकित होतात: मजुरी. केलेल्या कामाचा मोबदला. ‘मर्चंट’ आणि ‘कॉमर्स’ त्याच घरातले. ख्रिस्ती लॅटिनमध्ये मोबदला स्वर्गातला झाला, तुमच्या लायकीपेक्षा जास्त मिळालेला. आणि लायकीपेक्षा जास्त म्हणजे मग दयाच. इंग्रजीत हा शब्द तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावर येतो. फ्रेंचमध्ये तो पुढे इतका झिजला की आज दुकानात सुटे पैसे परत देतानाही ‘मेर्सी’ म्हणतात.

स्पेनमध्ये ‘आपली मर्सी’ अशा अर्थाचं ‘वुएस्त्रा मेर्सेद’ हे संबोधन घासून घासून ‘उस्तेद’ झालं, म्हणजे साधं ‘आपण’. पोर्तुगीजमध्ये ‘व्होसा मेर्से’चं ‘व्होसे’. जुन्या मराठी पत्रांत साहेबाला ‘मेहेरबान’ लिहीत, त्यातही मेहेर, म्हणजे दया, अशीच नावापुढे उभी असे.

आणि हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे बरं का. पणजीच्या वेशीवरचं मेरशी गाव, ज्याच्या सर्कलवर रोज गाड्या तुंबतात, त्याचं पोर्तुगीज नाव ‘मेर्सेस’: तिथल्या चर्चमधली माता ही ‘दयांची माता’. लॅटिन मजुरीपासून पणजीच्या तिसवाडी तालुक्यापर्यंत एवढा पल्ला.

इंग्लंडात ‘मर्सी’नं ‘ओर’ला हरवलं कसं?

राजवाड्याच्या आणि कोर्टाच्या दारानं. नॉर्मनांनंतर जमीन कोणाची, शिक्षा किती, माफी कोणाला, हे सगळं फ्रेंच आणि लॅटिनमध्ये ठरू लागलं. कोर्टात दोषी ठरलेला माणूस राजाच्या ‘मर्सीत’ पडे. म्हणजे काय? म्हणजे आता दंड किती करायचा हे राजाच्या मर्जीवर. यातूनच ‘अमर्समेंट’ हा शब्द निघाला, दंड या अर्थी. दया आणि दंड एकाच शब्दात! १२१५ च्या मॅग्ना कार्टाचं, म्हणजे राजाच्या अधिकारांना बांध घालणाऱ्या सनदेचं, २०वं कलम याच रोगावर आहे: दंड गुन्ह्याच्या मानानं करा, आणि करताना स्वतंत्र माणसाची उपजीविका, व्यापाऱ्याचा माल आणि कुळाची शेतीची अवजारं सोडून करा. राजाच्या दयेपासून लोकांना वाचवायला कलम लिहावं लागलं.

या दंडवसुलीच्या भाषेपुढे ‘ओर’ कुठे टिकणार? जी ‘आर’ एकेकाळी स्वतःच जमीन होती, तिला आता सातबाऱ्यावर नावच उरलं नाही. मानासाठी ‘ऑनर’ आला, कृपेसाठी ‘ग्रेस’, दयेसाठी ‘मर्सी’. तिच्या तिन्ही खोल्यांत तीन फ्रेंच भाडेकरू शिरले. तेराव्या शतकातलं मेरीमातेचं एक गाणं आहे, ‘एदी बेओ थू’. त्यात भक्त म्हणतो, गोड बाई, माझ्याबद्दल कळवळू दे, तुझ्या सरदारावर मर्सी कर. कळवळ्याचं क्रियापद अजून इंग्रजी, पण नाम फ्रेंच. सांधा कुठे बदलला ते असं गाण्यात दिसतं.

तरी ‘ओर’ आणखी दीडशे वर्षं टिकला तो कशावर?

माझं उत्तर: यमकावर. ‘मोर’, ‘सोर’, ‘लोर’, ‘योर’ असे शब्द ओळींच्या शेवटी येतच राहतात, आणि त्यांना जोड म्हणून ‘धिन ओर’ हाताशी असतो. लग्नातल्या उखाण्यांत असे शब्द सापडतात, जे एरवी कोणी उच्चारत नाही, पण नवऱ्याच्या नावाला जुळतात म्हणून दर लग्नात जिवंत होतात. ‘ओर’चं म्हातारपण असं गेलं.

इंग्रजी कवी चॉसरनं त्याची टर उडवली म्हणतात, ती कशी?

‘कँटरबरी टेल्स’मधल्या चक्कीवाल्याच्या गोष्टीत. चॉसर १४०० मध्ये वारला, तेव्हा ही चौदाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. जागा ऑक्सफर्ड. अ‍ॅब्सोलन हा चर्चचा कारकून, कुरळे केस मधोमध भांग पाडून फुलवलेले, गळ्यात वाद्य. एका म्हाताऱ्या सुताराच्या तरुण बायकोवर, अ‍ॅलिसनवर, त्याचा जीव जडलाय. तिचा मात्र घरातल्याच विद्यार्थ्याशी घरोबा जमलेला आहे आणि त्या रात्री तो तिच्यापाशीच आहे.

अ‍ॅब्सोलन पहाटेच्या अंधारात तिच्या खिडकीशी जातो. जाण्याआधी तोंडाला वास येऊ नये म्हणून वेलदोड्यासारखे सुगंधी दाणे आणि ज्येष्ठमध चघळतो. खिडकी छातीएवढ्या उंचीवर. तो सुरू करतो: माझ्या मधाच्या पोळ्या, माझ्या दालचिनी, आचळासाठी कोकरू झुरावं तसा मी झुरतोय. ती हाकलते, मग म्हणते बरं, एक पापा घे आणि नीघ. तो गुडघ्यांवर बसतो, मनात म्हणतो की मी आता सगळ्या बाजूंनी राजा, यानंतर आणखी मिळणार, ‘मोर’. आणि लगेच यमक: ‘लेमन, धाय ग्रेस, अँड स्वेते ब्रिड, धिन ओर!’ साजणी, तुझी कृपा, आणि गोड पाखरा, तुझी दया!

खिडकी उघडते. बाहेर डांबरासारखा काळोख. अ‍ॅलिसन खिडकीतून जे बाहेर काढते ते तोंड नव्हे. अ‍ॅब्सोलन त्याची मनापासून पापी घेतो, आणि मग दचकतो, कारण बाईला दाढी कशी असेल?

इथे शब्दांची निवड पाहा. ‘लेमन’ म्हणजे वूस्टरच्या धृपदातली ‘लमन’. ‘धिन ओर’ तीच. दोनशे वर्षांपूर्वी एका पाद्र्याच्या जिभेवर जे वाक्य चढून बसलं होतं, ते आता चर्चच्याच एका कारकुनाच्या तोंडी आहे. राजदरबारात वावरणारा चॉसर स्वतः गंभीर प्रेमिकांसाठी ‘मर्सी’ आणि ‘ग्रेस’ वापरतो. ‘ओर’ हे खेडवळ गाण्यांतलं, जत्रेतलं, जुन्या फॅशनचं. म्हणून ते अ‍ॅब्सोलनला शोभतं. आज कोणी मुलीला ‘हे प्राणप्रिये, हृदयेश्वरी’ अशी चिठ्ठी लिहिली तर ती जशी वर्गात सगळ्यांना वाचून दाखवली जाईल, तसं. शिवाय त्यानं ‘ग्रेस’ आणि ‘ओर’ दोन्ही मागून घेतलेत, न जाणो कुठला लागू पडेल.

‘रूथलेस’मधला ‘रूथ’ म्हणजे हाच का?

नाही, पण शेजारी म्हणता येईल. ‘रूथ’ म्हणजे कळवळा, दुसऱ्याचं पाहून आत होणारी कालवाकालव. हळहळणे या अर्थाच्या ‘रू’ क्रियापदापासून. तोही नाम म्हणून जवळजवळ मेलाच, पण त्याचा अभाव दाखवणारा ‘रूथलेस’ धडधाकट आहे. बायबलमधल्या रूथशी संबंध नाही, ते हिब्रू नाव. ‘आरलेआस’ मात्र तेवढाही वाचला नाही.

दयेच्या नावाची कट्यार असायची, हे खरं?

खरं. ‘मिझरिकॉर्ड’. निमुळती, चिलखताच्या फटीतून जाणारी, घायाळ सरदाराला मारून यातनांतून सोडवायला. याच नावाचं आणखी एक प्रकरण चर्चमध्ये असतं: उभ्यानं लांबलचक प्रार्थना म्हणणाऱ्या म्हाताऱ्या भिक्षूंना हळूच टेकता यावं म्हणून घडीच्या आसनाखाली कोरलेला छोटा कट्टा. उभं राहिल्यासारखं दिसतं आणि बूडही टेकतं. मला विचाराल तर दयेची याहून चांगली व्याख्या कोणी केलेली नाही. जुन्या गोव्यातली ‘सांता काझा द मिझेरिकॉर्दिया’ ही विधवा, अनाथ, आजारी यांना पाहणारी संस्थाही याच लॅटिन नावाची.

फाशीच्या कैद्याचा ‘मर्सी पिटिशन’, त्यातली मर्सी कोणती?

कोर्टाच्या दारानं आलेली तीच. शिक्षा माफ करायचा इंग्लंडच्या राजाचा अधिकार आपल्याकडे राज्यघटनेच्या ७२व्या कलमानं राष्ट्रपतींकडे आणि १६१व्यानं राज्यपालांकडे आहे. मराठी वर्तमानपत्रं ‘दयेचा अर्ज’ लिहितात. अर्ज हा शब्द तिथे अगदी बरोबर बसलाय. दया वरून येते आणि खालून मागावी लागते, हे त्या दोन शब्दांत आहे.

मग मराठीत ‘आर’ला तुम्ही काय म्हणता?

एक शब्द मिळाला नाही. विग्लाफसाठी ‘दिलेलं’ असं नाम करून पाहिलं: ‘त्याला आठवलं राजानं दिलेलं’. पुढच्या ओळीत घरदार येतंच, त्यामुळे कृपा की जमीन हे मला ठरवावं लागत नाही. समुद्रावरच्या एकट्या माणसासाठी ‘कृपा’ ठेवली, आणि क्रियापद ‘वाट पाहतो’ असं केलं. तिथे मी एक अर्थ गमावला आणि ते मला अजून खुपतं.

धृपदावर वर्षभर अडले होते. ‘दया कर’ म्हटलं तर पाद्र्याला चालतं, फेरातल्या पोरांना चालत नाही. ‘हो म्हण ना’ पोरांना चालतं, पाद्र्याला नाही. असं वाक्य हवं जे वेदीपुढेही घसरून जाईल. शेवटी आमच्या शेजारच्या आजी सापडल्या. त्या रोज संध्याकाळी दिवा लावून देवाला म्हणतात, ‘कृपा असू दे रे बाबा’. आणि त्याच आजी गॅस सिलेंडर आणणाऱ्या पोराला, जिने चढून आला की, पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणतात, ‘कृपा असू दे हो, पुढच्या वेळी लवकर ये’. ‘असू दे’ हे ‘राहू दे’सारखंही ऐकू येतं, मागणं आणि सोडून देणं एकाच वेळी.

तेव्हा वूस्टरला सध्या ‘साजणी गोड, कृपा असू दे’ असं लिहिलंय. अ‍ॅब्सोलनलाही तेच दिलं, फक्त आधी एक ‘मेहेरबानी’ जोडून: ‘साजणी, मेहेरबानी! गोड पाखरा, कृपा असू दे!’ आणि खिडकी उघडते.